वर्चस्व आणि तुल्यबळता : मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील एका वादाची चिकित्सा

१

खेळातील श्रेष्ठत्वासंबंधी दोन मते नेहमी परस्परविरोधी म्हणून मांडली जातात. एका मताप्रमाणे असामान्य खेळाडूचे दीर्घकाळ टिकणारे वर्चस्व हेच खेळाचे वैभव होय. दुसऱ्या मताप्रमाणे प्रतिस्पर्धी तोडीस तोड असणे आणि निकाल अखेरपर्यंत अनिश्चित राहणे यातच खेळाचा प्राण आहे. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युदो, जुजुत्सू इत्यादी विद्यांचा एकत्र उपयोग ज्यात होतो त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स या द्वंद्वप्रकारात हा वाद विशेष तीव्रतेने चालतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे आहे. परंतु ज्या रीतीने ते एकमेकांसमोर उभे केले जातात ती रीतच मुळात सदोष आहे.

या क्रीडाप्रकाराच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ वर्चस्वानेच झाला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा भरली. वजनगट नव्हते, कोणती विद्या श्रेष्ठ, एवढाच प्रश्न होता. ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून त्याचे उत्तर दिले आणि पहिल्या चार स्पर्धांपैकी तीन जिंकल्या. परंतु या विजयांचा परिणाम असा झाला की ग्रेसी घराण्याची विद्या सर्वांनाच शिकावी लागली. वर्चस्वाने विद्या प्रकट केली आणि विद्येचा प्रसार होताच त्या वर्चस्वाचा पाया खचला. तुल्यबळता ही येथे वर्चस्वाची वैरीण नसून त्याची संतती होती. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे वादाचे स्वरूप पालटते.

२

तुल्यबळतेच्या पक्षाला अर्थशास्त्राचा भक्कम आधार आहे. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या श्रमबाजाराचे विवेचन करताना निकालाच्या अनिश्चिततेचे महत्त्व दाखविले. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये त्याला अधिक मार्मिक रूप दिले. सामान्य व्यापाऱ्याला प्रतिस्पर्धी नष्ट झालेला हवा असतो. परंतु मुष्टियोद्धा जो लुई याला उत्पन्न हवे असेल तर मॅक्स श्मेलिंगसारखा बलवान प्रतिस्पर्धी जिवंतच राहावा लागतो.

हा विचार मिक्स्ड मार्शल आर्ट्सला लावताना मात्र सावधगिरी हवी. सांघिक खेळांच्या लीगमध्ये वेळापत्रक ठरलेले असते, आणि तुल्यबळता साधण्यासाठी वेतनमर्यादेसारखे नियम करता येतात. येथे तसे वेळापत्रक नाही. कोणाची जोड कोणाशी लावावी हे प्रामुख्याने आयोजक संस्थाच ठरविते. त्यामुळे ज्याला तुल्यबळता म्हटले जाते ते पुष्कळदा गुणांचे नैसर्गिक संतुलन नसून जोड लावणाऱ्याच्या निवडीचे फळ असते; आणि वर्चस्वाविषयीही हेच म्हणता येते. म्हणून तुल्यबळतेची नुसती स्तुती पुरेशी नाही. ती कशी सिद्ध झाली हेही विचारले पाहिजे.

३

या दृष्टीने यूएफसीच्या लाइट हेवीवेट गटाचा २००७ ते २०१२ हा काळ अत्यंत बोधप्रद आहे. मे २००७ मध्ये क्विंटन जॅक्सनने चक लिडेलकडून विजेतेपद घेतले. पुढे ते फॉरेस्ट ग्रिफिन, रशाद एव्हन्स, ल्योटो माचिदा आणि मॉरिसिओ रुआ यांच्याकडे क्रमाने गेले. चार वर्षांच्या आत विजेतेपद इतक्या हातांतून फिरले आणि यांपैकी एकालाही ते एकाहून अधिक वेळा राखता आले नाही. तुल्यबळतेचा याहून स्पष्ट नमुना सापडणे कठीण. तथापि त्या काळात श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला उत्तरच नव्हते. प्रत्येक निकाल मागील निकालाला खोडून टाकी. कथानक पुढे सरके, पण त्याला मध्यवर्ती पात्र लाभत नसे.

मार्च २०११ मध्ये २३ वर्षांच्या जॉन जोन्सने रुआला हरविले. त्यानंतर एप्रिल २०१२ पर्यंत त्याने जॅक्सन, माचिदा आणि एव्हन्स यांनाही क्रमाने पराभूत केले. म्हणजे आदल्या पाच विजेत्यांपैकी चौघे एकाच योद्ध्याच्या मापाने मोजले गेले. जोन्सचे वर्चस्व अर्थपूर्ण ठरले ते याचमुळे. तुल्यबळतेच्या काळाने जी नावे घडविली होती ती नसती, तर त्याच्या विजयांना वजन आले नसते; आणि तो आला नसता, तर त्या नावांचे परस्परमूल्य कधीच निश्चित झाले नसते. पुढे २०१७ मधील त्याचा डॅनिएल कॉर्मियेवरील विजय उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीमुळे रद्द झाला, आणि त्याच्या एकूण कारकिर्दीच्या मूल्यमापनात ही बाब डावलता येणार नाही. परंतु वर्चस्व आणि तुल्यबळता ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत, हा २०११–१२ चा धडा त्यामुळे बदलत नाही.

वर्चस्वाचे सौंदर्यही ते मोडू पाहते त्या क्षणीच प्रकट होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी ओकलंड येथे अँडरसन सिल्वा चेल सॉननकडून चार फेऱ्या मार खात होता. पाचव्या फेरीची दोन मिनिटेही उरली नसताना त्याने पायांचा त्रिकोणी फास टाकून सॉननला शरण आणले. सिल्वाच्या कित्येक सहज विजयांपेक्षा हाच विजय अधिक स्मरणात राहिला, हे अकारण नव्हे.

४

याच्या उलट बाजू फ्लायवेट गटात दिसते. यूएफसीने हा गट २०१२ मध्ये सुरू केला. डिमिट्रियस जॉन्सन त्याचा पहिला विजेता झाला आणि त्याने सलग ११ वेळा विजेतेपद राखून सिल्वाचा १० वेळांचा विक्रम मागे टाकला. कौशल्याच्या परिपूर्णतेत त्याच्या तोडीचे योद्धे फार थोडे. तरीही त्याला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला नाही. याचे कारण सामान्यतः लहान देहयष्टीत शोधले जाते, ते अपुरे आहे. जोन्सच्या मागे एका गजबजलेल्या गटाचा इतिहास होता. जॉन्सनला मात्र रिकाम्या पाटीवर लिहावे लागले. ज्यांना त्याने हरविले त्यांची थोरवी प्रस्थापित होण्याला त्याच्या विजयांमुळे अवकाशच उरला नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये हेन्री सेहुदोने पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने त्याला हरविले. त्याच वर्षी जॉन्सन वन चॅम्पियनशिप या आशियाई संस्थेकडे गेला, या गटातील अनेक योद्ध्यांना यूएफसीने मुक्त केले, आणि गटच बंद पडेल असे वाटू लागले. तो वाचला आणि पुढे देवेसन फिगेरेदो आणि ब्रँडन मोरेनो यांच्यात डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२३ या काळात चार लढती झाल्या : पहिली बरोबरीत सुटली, दुसरी मोरेनोने, तिसरी फिगेरेदोने आणि चौथी पुन्हा मोरेनोने जिंकली. परिपूर्णतेने जे साधले नव्हते ते या हेलकाव्याने साधले. येथे तुल्यबळतेचा पक्ष बरोबर ठरतो. परंतु ही तुल्यबळता दोन विशिष्ट व्यक्तींमधील होती. केवळ निकालांची अस्थिरता नव्हती. लाइट हेवीवेटच्या त्या चार वर्षांत विजेते बदलत गेले. येथे तेच दोघे परत परत भेटून एकमेकांना ओळखत गेले. फरक हाच.

५

हा वाद केवळ रसिकतेचा नाही. संस्थेच्या दृष्टीने पाहता, जेथे कोणीही कोणाला हरवू शकतो तेथे प्रत्येक योद्धा बदलता येण्याजोगा असतो. वर्चस्व गाजविणारा विजेता मात्र बदलता येत नाही, म्हणून त्याच्या हाती मागणी करण्याचे बळ येते. विजेतेपद हाती असेतो करार वाढविणारे कलम यूएफसीच्या करारांत होते. त्याचा अर्थ या संदर्भात स्पष्ट होतो. डिसेंबर २०१४ मध्ये योद्ध्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला दाखल केला. त्यातील एका दाव्याची तडजोड ३७.५ कोटी डॉलरला झाली आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. तुल्यबळतेचा गौरव करताना ती कोणाच्या लाभाची, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचप्रमाणे वर्चस्वाचा गौरव करताना पराभूतांच्या वाट्याला काय येते, हेही विसरता येत नाही.

तेव्हा वर्चस्व की तुल्यबळता, असा पर्याय मांडणे निष्फळ होय. वर्चस्वाची कसोटी ही की ते ज्यांच्यावर गाजविले गेले त्यांची योग्यता आधी सिद्ध झाली होती काय. तुल्यबळतेची कसोटी ही की ती झुंजीतून आली, की जोड लावणाऱ्याच्या सोयीतून. या दोन कसोट्या ज्या काळाला लागू पडतात तो काळ, मग विजेता एक असो वा पाच असोत, त्या खेळाचा समृद्ध काळ मानला पाहिजे.