स्मरणाचे शब्द : ‘१९११’ पिस्तुलाच्या स्मृति-आवृत्त्यांवरील लेख

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने पिस्तुलासारख्या वस्तूकडे का वळावे, हे प्रथम सांगितले पाहिजे. वस्तूवर कोरलेला मजकूर हाही अभिलेखच होय. ताम्रपट वाचताना देणारा कोण, घेणारा कोण, काळ कोणता, हेतू कोणता, हे प्रश्न आपण विचारतो. तेच प्रश्न पोलादावरील अर्वाचीन लेखासही विचारता येतात. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेले आणि अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले पिस्तूल अशा वाचनास विशेष अनुकूल आहे. त्याच्या मूळ प्रतींवर एका जातीचा लेख आहे, आणि पुढे वर्धापनांच्या निमित्ताने निघालेल्या स्मृति-आवृत्त्यांवर दुसऱ्या जातीचा. दुसरा लेख पहिल्याहून देखणा आहे यात शंका नाही. तो पहिल्याहून अधिक काही सांगतो काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

मूळ लेख अगदी रुक्ष आहे. सैन्यासाठी कोल्ट कंपनीने केलेल्या आरंभीच्या प्रतींवर, स्लाइडच्या म्हणजे नळीवरील सरकत्या भागाच्या एका अंगास, ‘मॉडेल ऑफ १९११, यू. एस. आर्मी’ असे शब्द आहेत. दुसऱ्या अंगास कंपनीचे नाव, हार्टफर्ड हे गाव आणि पेटंटांच्या चार तारखा आहेत : २० एप्रिल १८९७, ९ सप्टेंबर १९०२, १९ डिसेंबर १९०५, १४ फेब्रुवारी १९११. त्याखालील सांगाड्यावर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’, आणि पिस्तुलाचा अनुक्रमांक. यात एकही क्रियापद नाही, विशेषण नाही. तरीही वस्तू कोणाची, कोणी घडविली, तिच्यामागील कल्पना किती वर्षे पक्व होत गेली, हे सारे त्यात आहे. एकच गोष्ट नाही : ब्राउनिंग यांचे नाव. चारही तारखा त्यांच्याच पेटंटांच्या आहेत. परंतु कर्ता अध्याहृत आहे. व्याकरणात ज्यास आपण कर्तृलोप म्हणतो, तो येथे पोलादावर घडला आहे.

स्मृति-आवृत्तीकडून पहिली अपेक्षा असेल ती हा लोप भरून काढण्याची. १९८१ साली, सत्तराव्या वर्षानिमित्त, कोल्टने ब्राउनिंग यांच्या नावाची आवृत्ती काढली. १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे वारलेल्या कर्त्यास ५५ वर्षांनी त्याचे वाक्य परत मिळाले. स्मृति-आवृत्त्यांपैकी सर्वांत न्याय्य मला हीच वाटते.

तिच्या आधीच्या मालिकेची कथा वेगळी आहे. पहिल्या महायुद्धास ५० वर्षे झाली तेव्हा, १९६७ ते १९६९ या काळात, कोल्टने शातो-तिएरी, बेलो वुड, मार्नची दुसरी लढाई आणि म्यूझ-आर्गोन अशा चार रणक्षेत्रांच्या नावे आवृत्त्या काढल्या. १९७० मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपीय व प्रशांत महासागरी क्षेत्रांच्या दोन. सहा आवृत्त्या, सहा विशेषनामे. विशेषनाम निवडणे म्हणजेच स्मरणाची सीमा आखणे होय. या पिस्तुलाची गोळी ०.४५ इंच व्यासाची का, याचे उत्तर त्या सहांपैकी एकाही नावात नाही. ते फिलिपाइन्समध्ये आहे. तेथील मोरो लोकांशी झालेल्या झुंजींत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी चालून येणाऱ्या माणसास थोपवीत नाही, अशी तक्रार अमेरिकन सैन्यात होती. तेव्हा १९०४ मध्ये टॉम्पसन व लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील जिवंत गुरांवर आणि मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या, व व्यास ०.४५ इंचाहून कमी असू नये असा निर्णय दिला. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरील बुद दाहो या डोंगरावर शेकडो मोरो स्त्रीपुरुष व मुले मारली गेली. प्रशांत क्षेत्राच्या नावात फिलिपाइन्सचा भूगोल येतो हे खरे. पण ते युद्ध निराळे, आणि त्यात शत्रू जपानी. ‘०.४५’ हा आकडा मात्र पिस्तुलावर सर्वत्र मिरवला जातो. अर्थ गळून गेला आणि रूप राहिले, असे हे उदाहरण होय.

शताब्दीच्या अनेक आवृत्त्यांवर ‘१९११–२०११’ अशी जोडी आहे. दोन सालांमधील ही रेघ फार बोलकी आहे. माणसाच्या नावापुढे ती आली तर जन्म व मृत्यू सुचविते. येथे ती अखंड सेवा सुचवू पाहते. परंतु सैन्याने १९८५ मध्येच बेरेट्टाचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल स्वीकारून ‘१९११’ला अधिकृत पदावरून उतरविले होते. म्हणजे २६ वर्षे ही रेघ पोकळीवरून गेली आहे. (२०१२ मध्ये मरीन कोअरने कोल्टकडेच या घाटणीची पिस्तुले पुन्हा मागविली आणि रेघेची थोडी लाज राखली, हेही नमूद केले पाहिजे.)

आता ‘आवृत्ती’ या शब्दाविषयी. तो ग्रंथव्यवहारातून येथे आला. ग्रंथाची नवी आवृत्ती मूळ पाठ शोधते, चुका दुरुस्त करते, आणि वाचली जावी अशी अपेक्षा धरते. सोन्याचा मुलामा, नक्षीकाम व मखमली अस्तराची पेटी घेऊन येणारी पिस्तुलाची आवृत्ती मात्र एकदाही गोळी न झाडता ठेवली तरच मोलाची. वापरली की तिचे मोल उतरते. ही पाने न कापलेल्या पोथीची प्रतिष्ठा झाली. याउलट २०११ मध्ये ब्राउनिंग कंपनीने मूळच्या ८५ टक्के आकाराचे, ०.२२ इंची काडतुसाचे पिस्तूल आणले. गोळी बदलली, आकार आटला. शुद्धतावाद्यांना हा पाठभेद रुचणार नाही. मला ते मुलांसाठी केलेल्या संक्षेपासारखे वाटते : मूळ नव्हे, पण हाताळून मूळची रचना कळते.

संग्राहक मात्र सर्वाधिक दाम मोजतात ते भलत्याच लेखासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सिंगर या शिवणयंत्रांच्या कंपनीकडून सैन्याने चाचणीदाखल ५०० पिस्तुले करवून घेतली. त्यांवर वर्धापन नाही, रणक्षेत्र नाही, ब्राउनिंग नाहीत. कंपनीचे नावसुद्धा पुरते नाही, ‘एस.’ एवढे आद्याक्षर, त्यापुढे उत्पादक कंपनी या अर्थाची संक्षिप्त अक्षरे, आणि न्यू जर्सीतील एलिझाबेथ हे गाव.