निजाम टेरिटरीतले प्रेक्षक

हिंदी चित्रपटांच्या वितरणधंद्यात ‘निजाम’ नावाची टेरिटरी आजही आहे. हैदराबाद संस्थान १९४८ साली संपलं, मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, पण वितरकांच्या नकाशात मराठवाड्यातले जिल्हे तेलंगणाच्या जोडीलाच राहिले. म्हणजे पुण्यात लागलेला सिनेमा आणि बीड जिल्ह्यात पोचलेला सिनेमा वेगवेगळ्या वाटांनी आला, वेगवेगळ्या हातांतून आला. मराठी माणसाच्या सिनेमा पाहण्याचा इतिहास लिहायचा तर इथून सुरुवात करायला हवी होती. आपल्या पुस्तकांतला इतिहास मात्र कोल्हापूर, पुणे, मुंबई या तीन गावांतच फिरतो. मराठवाडा त्यात प्रेक्षक म्हणूनही फारसा येत नाही.

महाराष्ट्रात सिनेमाच्या अभ्यासाला सामग्री कमी पडली असं कुणी म्हणू नये. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी त्या संग्रहालयासाठी देशभरातून रिळं गोळा केली आणि सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाचं शिक्षण रुजवलं. मुंबईत १९६८पासून प्रभात चित्र मंडळ आहे, त्यांचं ‘वास्तव रूपवाणी’ आहे. इसाक मुजावर आणि बापू वाटवे यांनी मूकपटांचा, प्रभातचा इतिहास जपला. अरुण खोपकरांनी गुरुदत्तवर मराठीत जे पुस्तक लिहिलं, त्याच्या तोडीचं चित्रपटविषयक लेखन कुठल्याही भारतीय भाषेत मोजकंच सापडेल. या परंपरेने आपल्याला दृश्य वाचायला शिकवलं आणि तिचं ऋण मोठं आहे.

पण रसास्वाद आणि संशोधन यांच्यामधलं अंतर आपण ओलांडलं नाही. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ साली चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. दिल्लीत, हैदराबादेत पीएच.डी.ची सोय झाली. ज्या राज्यात फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांत त्या तोलाचा विभाग उभा राहिला नाही. यूजीसीच्या नेट परीक्षेत ‘चित्रपट अभ्यास’ हा स्वतंत्र विषयच नाही. त्यामुळे सिनेमावर काम करू पाहणारा विद्यार्थी पत्रकारिता, नाट्यशास्त्र नाहीतर मराठी विभागाच्या दाराने आत जातो, आणि ज्या दाराने जातो त्या घराचे नियम पाळतो. मराठी विभागात विषय ठरलेला असतो: अमुक कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट, माध्यमांतराचा अभ्यास. कथानक तपासलं जातं, संवाद तपासले जातात. ध्वनी, छायालेखन, वितरण, थिएटर यांना एखादं प्रकरण मिळालं तर मिळालं.

चर्चासत्रांचीही तीच गत. महोत्सवांत दिग्दर्शकांशी गप्पा भरपूर होतात; पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात (पिफ) विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान होतं, छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव भरतो, मुंबईत १९९०पासून माहितीपटांचा महोत्सव आहे. हे सगळं हवंच. पण संशोधकाने कच्चं प्रकरण घेऊन यावं, जाणत्यांनी ते फाडून बघावं, अशी जागा यांत नाही. महाविद्यालयांच्या ‘राष्ट्रीय चर्चासत्रां’त ती असायला हवी होती. तिथे एका सत्रात पंधरा पेपर, प्रत्येकाला पाच मिनिटं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र.

अशा संशोधनाला हात घालता येतील असे तीन विषय सांगतो. पहिला बीड जिल्ह्यातल्या तेलगावचा. बीड–परळी रस्त्यावरचं हे गाव लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. भोवतालचा मुलूख ऊसतोड कामगारांचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारी घातलेली कोपी. मराठी सिनेमात साखर आली ती जब्बार पटेलांच्या ‘सामना’त, आणि तो चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत गेला. त्यावर आपण अर्धशतक लिहीत आलो: निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्या अभिनयाची जुगलबंदी, तेंडुलकरांचे संवाद, सहकारातली सत्ता. साखरसम्राट दिसला, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई त्या समीक्षेच्या चौकटीत आली नाही. ती मध्यभागी आली २०२०मध्ये, अनंत महादेवन यांच्या ‘बिटरस्वीट’मध्ये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, कारण पाळीमुळे पडलेला खाडा मजुरीतून कापला जातो, हा त्याचा विषय. चित्रपट बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला. ज्यांची ती गोष्ट आहे त्या बायका तो पाहून काय म्हणतील, त्यांना त्यात स्वतःचं काय दिसेल आणि काय खोटं वाटेल, हे विचारणारं लेखन माझ्या वाचनात नाही. मला हा प्रश्न बुसानच्या परीक्षकांच्या मतापेक्षा मोलाचा वाटतो, आणि तो विचारायला तेलगावसारखी दुसरी जागा नाही.

दुसरा विषय तंबूतल्या सिनेमाचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या टूरिंग टॉकीजवर अनेक वर्षं काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यांनी दाखवलेला तो गंजका ट्रक, रिळाची वाट बघणारी जत्रेतली गर्दी, हे सगळं मराठी अभ्यासकाच्या दारातलं होतं. पुढचं काम कागदांचं आहे. तिकिटावर करमणूक कर होता तेव्हा कुठल्या गावात किती खेळ झाले, किती तिकिटं फाटली याची नोंद सरकारदरबारी होत असे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. कर गेला की त्याच्या दप्तराला वाली राहत नाही. १९४८पूर्वीचं दप्तर तर हैदराबाद संस्थानाच्या अमदानीतलं, उर्दूतलं. मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू जाणणारा संशोधक इथे लागेल, आणि असा मुलगा किंवा मुलगी मराठवाड्यातच मिळेल.

तिसरा विषय बोलीचा. मकरंद अनासपुरे यांच्यामुळे मराठवाडी बोली पडद्यावर घरोघर पोचली, पण ती बहुतेकदा हसवण्यासाठीच. प्रेमात, रागात, शोकात ती किती वेळा बोलली गेली, हे कुणीतरी चित्रपट एकेक पाहून नोंदवायला हवं.

पैशाची सोय अगदीच नाही असंही नाही. यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची (जेआरएफ) रक्कम २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स इंग्रजीखेरीज भारतीय भाषांतले प्रस्तावही घेते. अडतं ते मार्गदर्शकापाशी. ऊसतोडीच्या फडातल्या प्रेक्षकावर पीएच.डी. करतो म्हटलं तर ‘हा कुठल्या विभागाचा विषय?’ असं उत्तर येतं. मराठी, समाजशास्त्र आणि नाट्यशास्त्र या तीन विभागांनी मिळून एक विद्यार्थी घ्यावा, अशी सोय छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाने केली तर ही कोंडी फुटेल.

आणि एक चर्चासत्र तेलगावलाच व्हावं. पेपर चार पुरेत, प्रत्येकाला तासभर. ‘सामना’ आणि ‘बिटरस्वीट’ आदल्या रात्री मोठ्या पडद्यावर, गावकऱ्यांसोबत. तारीख मात्र गाळप हंगाम संपल्यावरची, एप्रिल-मेमधली धरावी. दिवाळीनंतर ठेवलं तर ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडांत असतील.