आधी शृंगिका पाहा

आर. जॉर्ज मायकेल आणि बी. के. शर्मा यांचे 'इंडियन क्लॅडोसेरा' भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८८ साली काढले. पुस्तकाचा विषय जलपिसवा: गोड्या पाण्याच्या तळ्याडबक्यांत उड्या घेत पोहणारे, बहुतेक तीन मिलिमीटरच्या आतले कवचधारी जीव. असले पुस्तक कुणी वाचनासाठी हातात घेत नाही. या विषयातली ओळखसूची मात्र मला सावकाश, चवीने वाचण्याजोगी वाटते.

समोरासमोर दोन विधाने, एक पत्करायचे, दुसरे सोडायचे, पुढच्या क्रमांकावर जायचे. एवढीच तिची घडण. सूक्ष्मदर्शकाखाली जलपिसू आली की आपण पाहत राहतो धडधडणारे हृदय, पाठीतली अंडी, हिरवे आतडे. सूची यातल्या कशालाच भुलत नाही. ती विचारते, पोहण्याच्या शृंगिकेच्या (अँटेनाच्या) दोन शाखांना खंड किती? तीन-तीन असले तर कायडोरस आणि त्याचे भाईबंद. एकीला चार, दुसरीला तीन, तर डॅफ्निया, मोइना ही मंडळी. दोन आणि तीन, तर डायफॅनोसोमा.

खंडच का मोजायचे? रंग फसवतो. पाण्यातला प्राणवायू घटला की हीमोग्लोबिन वाढून डॅफ्निया, मोइना तांबूस होतात. आकारही फसवतो, डॅफ्नियाच्या काही जातींत डोक्यावरचा टोप ऋतूप्रमाणे वाढतो, घटतो. खंडांची संख्या मात्र जागची हलत नाही. आधी काय विचारायचे, या निवडीतच लिहिणाऱ्याची जाण दिसते.

पुढे प्रश्न बारीक होत जातात. बॉस्मिनाच्या पहिल्या शृंगिका सोंडेसारख्या, न हलणाऱ्या. मोइनाच्या लांब, हलत्या. डॅफ्नियाच्या जाती वेगळ्या करताना तर पश्च-उदराच्या नखावरचे दातही पाहावे लागतात.

एक उणीव खटकते. अशा सूच्या बहुधा माद्यांसाठीच लिहिलेल्या असतात. एरवी नराविना माद्यांपासून माद्याच जन्मतात, नर येतात ते गर्दी झाली किंवा डबके आटू लागले की. नेमका तसा नर जाळीत आला तर नवखा वाचक अडतो.

तरी वाचाच, पण समोर प्राणी ठेवून. पावसाळ्यात भातखाचरातले पाणी बारीक जाळीतून गाळा. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक सुरुवातीला पुरतो.