खालच्या वस्तीला एक खुर्ची

‘आर्केन’ला कार्टून म्हटलं की आमचा नातू दुखावतो. “आजोबा, सिरीज आहे ती!” असेल बुवा. मुळात हा व्हिडिओ गेम. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनं २००९ साली ‘लीग ऑफ लेजंड्स’ काढला. त्यातल्या पात्रांवर पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओनं नऊ-नऊ भागांचे दोन हंगाम केले. नेटफ्लिक्सवर पहिला आला २०२१ साली, दुसरा २०२४ साली. ज्या पात्रांना एकमेकांना बडवण्यापलीकडे उद्योग नाही, त्यांच्यातून वर्गसंघर्ष काढणं म्हणजे चौकटच्या राणीवर पंचअंकी नाटक लिहिणं. पण या मंडळींनी लिहिलं, आणि पहिला हंगाम तर झकास लिहिला.

वर पिल्टोव्हर, खाली झॉन, मध्ये पूल. वरच्यांकडे विज्ञान आणि उत्तम शिंपी. खालच्यांकडे खाणी आणि खोकला. व्हाय आणि पावडर या बहिणींचे आईबाप पुलावरच्या उठावात शिपायांच्या हातून मेलेले. झॉनला स्वतंत्र करा, असं ठणकावून म्हणणारा एकच इसम, सिल्को. आणि नेमका तोच आपल्याच वस्तीत अमली पदार्थ विकतो! मागणी रास्त असली की ती बदमाशाच्या तोंडी घालायची, ही युक्ती आपल्याही सिनेमावाल्यांना पाठ आहे. तरी कौन्सिल स्वातंत्र्याच्या बाजूनं मत देतं, आणि त्याच क्षणी जिंक्सचा, म्हणजे मोठ्या झालेल्या पावडरचा, गोळा इमारतीवर येऊन आदळतो. इथं पहिला हंगाम संपतो. मी चहा विसरलो होतो.

दुसऱ्या हंगामात माझं बिनसलं. कॅटलिन ही वरच्या बड्या घराण्यातली पोरगी. खालच्या वस्तीला श्वास घेता यावा म्हणून हवेचे मार्ग बांधले तेही तिच्याच घराण्यानं. आई त्या स्फोटात गेल्यावर जिंक्सला पकडण्यासाठी ती त्याच मार्गांतून विषारी वायू खाली सोडते. बरोबर व्हाय, आईबापांना मारणाऱ्यांचाच गणवेश घालून! यावर एक अख्खा भाग हवा होता. ज्यांच्या घरात तो धूर शिरला त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाई, पोरं कशी आहेत? पण मालिकेला घाई. लष्करी कायदा येतो, जातो. व्हाय-कॅटलिनचं प्रेम मात्र कुठंही व्याख्यान न देता सुरेख रंगवलंय, हे कबूल. (त्या प्रसंगी नातवानं चोरून माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट खात होतो.)

मग बाहेरून नॉक्ससची अंबेसा चाल करून येते, आणि झॉनवाले पिल्टोव्हरसाठी लढायला हजर! घराला आग लागली की भाडेवाढीचा वाद मिटलाच समजायचा, असा हा हिशेब. पाण्याची बादली भाडेकरूच्या हातात. स्वातंत्र्य, ज्यासाठी पहिल्या हंगामात इतकी माणसं मेली, त्याचं पुढं काय झालं? शेवटी सिल्कोची उजवा हात सेविका हिला कौन्सिलात एक खुर्ची मिळते.

मी नातवाला म्हटलं, “अरे, एवढ्या मोठ्या वस्तीला एकच खुर्ची?”

“आजोबा, रिप्रेझेंटेशन झालं ना!”

सेविका बसते, चांगली ऐसपैस बसते. बसल्यावर ती काय मागते, ते काही दाखवत नाहीत.