मूत्रपिंडातील डोपामाइन आणि ‘मूत्रपिंड-मात्रे’चा तर्क : एक चिकित्सा

डोपामाइन हे केवळ मेंदूतील रसायन नव्हे. मूत्रपिंडही ते स्वतः निर्माण करते. समीपस्थ नलिकेच्या पेशी गाळून आलेला एल-डोपा आत घेतात आणि डीकार्बोक्सिलेज विकर त्याचे डोपामाइन बनवते. चेतापेशींप्रमाणे येथे साठवणुकीच्या पुटिका नसतात. सीओएमटी व एमएओ ही विकरे त्याचे विघटन करतात. त्यामुळे त्याची क्रिया प्रामुख्याने स्थानिक राहते. आहारात मीठ वाढले की निर्मिती वाढते आणि सोडियमचे पुनर्शोषण घटते.

शिरेवाटे दिलेल्या अल्प मात्रेनेही लघवी वाढते. एवढ्यावरून ती ‘मूत्रपिंडरक्षक’ असल्याचा समज अतिदक्षता विभागांत रूढ झाला. ‘लॅन्सेट’मध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड गटाच्या ३२८ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीत मात्र क्रिएटिनिनच्या उच्चांकात डोपामाइन व निष्क्रिय द्राव यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

या तर्कातील दोष स्पष्ट आहे. लघवी वाढणे म्हणजे मूत्रपिंड वाचणे नव्हे. पेशी गरजेनुसार जे घडवते व मोडते, त्यातील नियमन बाहेरून अखंड सोडलेल्या औषधात नसते. म्हणून अध्यापनात ‘मूत्रपिंड-मात्रा’ ही संज्ञा उपचार म्हणून नव्हे, तर अपुऱ्या पुराव्यावरील अनुमानाचे उदाहरण म्हणून शिकविणे उचित ठरेल.