नाटकांतील और्ध्वदेहिक विधि व मृत्युविषयक दृष्टि

संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं मृत्यूस रंगभूमीवरून घालवून दिलें, सबब आमच्या नाट्यपरंपरेंत मृत्यूचें चिंतनच नाहीं, असें मत वारंवार ऐकूं येतें. दशरूपकांत रंगावर दाखवूं नयेत अशा गोष्टींत वधाची गणना आहे, हा या मताचा मुख्य आधार. परंतु नाट्यशास्त्रांत 'मरण' हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकीं एक गणिला असून, विषाचे आठ वेग नटानें क्रमानें कसे दाखवावे हेंही तेथें सांगितलें आहे. निषेध आहे तो वधाच्या देखाव्याचा. मृत्यूच्या विचाराचा नव्हे. तो विचार पाहावयाचा असल्यास नाटकांतील मृतांविषयींचे विधि पाहिले पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

याचें उत्तम प्रमाण 'प्रतिमानाटक' होय. म. म. गणपतिशास्त्री यांनीं इ. स. १९१२ पासून त्रिवेंद्रम येथें जीं तेरा नाटकें भासाचीं म्हणून प्रसिद्ध केलीं, त्यांपैकीं हें एक. त्यांच्या कर्तृत्वाचा वाद मिटलेला नाहीं. परंतु प्रस्तुत विषयास त्यानें बाध येत नाहीं. दुसऱ्या अंकांत दशरथ प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो, व त्या क्षणीं त्याचे पितर त्यास न्यावयास आलेले दिसतात. तिसऱ्या अंकांत आजोळाहून परतणारा भरत प्रतिमागृहांत शिरतो. तेथें मृत राजांच्याच प्रतिमा असतात हें देवकुलिकाच्या तोंडून कळतांच, समोरच्या प्रतिमेवरून त्यास पितृनिधन समजतें. कोणी दूत येत नाहीं. मृतांच्या पूजेचें स्थानच वार्ता सांगतें.

याहून मार्मिक पांचवा अंक आहे. पित्याचें श्राद्ध वनांत यथोचित कसें करावें या चिंतेंत राम असतां, प्राचेतस श्राद्धकल्पाचें अध्ययन केलेला ब्राह्मण म्हणून रावण येतो आणि पितरांच्या तृप्तीसाठीं कांचनपार्श्व मृग सुचवितो. वाल्मीकीच्या कथेंत मृगाचा मोह सीतेस पडतो. येथें मृग हवा आहे तो पितृऋण फेडण्यासाठीं. अनर्थाचें मूळ लोभांतून काढून भक्तींत ठेवणें हा बदल लहान नाहीं. मृतावरील प्रेम हें जिवंताचें मर्मस्थान आहे, व वैरी तेथेंच घाव घालतो, असें नाटककारास दिसलें आहे. मृच्छकटिकाच्या दहाव्या अंकांत वधस्थानाकडे नेला जाणारा चारुदत्त मुलास यज्ञोपवीत देतो, कारण देवपितरांचा भाग त्यायोगेंच अर्पण होतो. मरणाराची चिंता देहाविषयीं नसून परंपरा तुटूं नये याविषयीं आहे.

अलीकडील मराठी नाटकांत हा धागा तुटला, असें कित्येकांचें म्हणणें. इ. स. १९७४ मधील सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाणां'त मृत भाऊराव स्वतःच कीर्तनाच्या थाटांत बोलतो व जुन्याच स्मशानांत दहन व्हावें असा हट्ट धरतो. यांत विधींची केवळ टवाळी आहे, हें मत आम्हांस मान्य नाहीं. हास्याचा विषय आहे तो शेजाऱ्यांची रुळलेली धांवपळ. मृताची मागणी मात्र पुत्रावर ऋण होऊन बसते, आणि तें फिटेपर्यंत नाटक संपत नाहीं. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (इ. स. १९८५) तात्याजींच्या तेराव्याचा खर्च कसा उभारावा यावरून घराची खरी स्थिति उघडी पडते. तेथें विधि मृतासाठीं उरलेला नाहीं. तो घराण्याच्या लौकिकासाठीं आहे. रामाची श्राद्धचिंता व देशपांड्यांची तेराव्याची चिंता यांतील अंतर हेंच मृत्युदृष्टींतील अंतर होय.

हें अंतर मोजण्यास नाटकें पुरेशीं नाहींत, प्रयोगपोथ्याही हव्यात. आमच्या मोडनिंबाजवळच्या पंढरपुरीं काशीनाथ उपाध्यायांनीं इ. स. १७९०च्या सुमारास रचिलेल्या धर्मसिंधूच्या तिसऱ्या परिच्छेदाच्या उत्तरार्धांत श्राद्ध व अंत्यकर्म यांचा निर्णय आहे. परंतु ग्रंथ नियम सांगतो. आचरण सांगतात त्या घरोघरच्या अंत्येष्टिपोथ्या, त्यांवरील समासांतील टिपा व खोडलेल्या ओळी. अशा पोथ्या घरांत ठेवणें अशुभ, या समजुतीनें त्या सर्वांआधीं नदींत सोडल्या जातात. संग्राहकही काव्यपुराणांस जपतात व यांस बाजूस सारतात. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील, त्यांनीं निदान समासांतील मजकूर उतरून ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे. नाटककारानें जें रंगावर आणिलें त्याची साक्ष याच पानांत आहे.