उतार किती, हा रकाना कुठे आहे?

शाळांची माहिती गोळा करणारे ‘यू-डायस प्लस’चे प्रपत्र मुख्याध्यापकांना दरवर्षी विचारते: शाळेत रॅम्प आहे का? त्याला कठडे आहेत का? ‘होय’ लिहिले की विषय संपतो. खरे तर तो तिथे सुरू व्हायला हवा.

साधी यंत्रे शिकवताना आपण उतरणीचे उदाहरण हमखास घेतो. पिंप उचलून ट्रकमध्ये चढवण्यापेक्षा फळीवरून ढकलत नेणे सोपे, हे मुलांना पटते. उंची तीच ठेवून फळी लांब केली, की लागणारे बल कमी होते. रॅम्प म्हणजे हेच यंत्र. पण यंत्र ‘आहे’ एवढ्याने काम होत नाही. ते कोणासाठी, किती बलाने चालते, हे पाहावे लागते.

आता हिशेब करू. समजा, शाळेचे जोते ६० सेंटिमीटर उंच आहे. रॅम्पचा उतार साधारणपणे १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असे मानतात. म्हणजे लांबी हवी ७.२ मीटर, शिवाय वर दारापाशी खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा. मूल २५ किलोचे आणि चाकाची खुर्ची १५ किलोची धरली, तर एकूण ४० किलो. घर्षण बाजूला ठेवले, तर १:१२ च्या उतारावर सुमारे ३.३ किलो वजन उचलण्याइतके बल लागेल. हाच रॅम्प २.४ मीटरमध्ये उरकला, तर उतार १:४ होतो आणि बल १० किलोंच्या वजनाइतके. २५ किलोच्या मुलाने हा जोर नुसत्या हातांनी लावायचा! शिवाय इतक्या चढावर खुर्ची मागे कलंडण्याची भीती. दोन्ही शाळांच्या प्रपत्रात उत्तर मात्र एकच: होय.

मावळात हा हिशेब आणखी कठीण होतो. पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याची सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर जाते. अशा मुलखात जोते उंच ठेवणे शहाणपणाचेच. पण जोते जितके उंच, तितकी उतरण लांब हवी. आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर शाळेला सपाट अंगण मुळातच थोडे. मग गवंडी असेल तेवढ्या जागेत उतार बसवतो. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊसही तेव्हाच येतो. उघड्या सिमेंटवर शेवाळ धरते, घर्षण कमी होते. ज्या महिन्यांत आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत रॅम्प घसरगुंडी बनतो. तळेगावच्या बाजूला पाऊस बराच कमी; तिथला नकाशा खंडाळ्याकडे जसाच्या तसा वापरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट. शारीरिक अपंगत्व म्हणजे फक्त चाकाची खुर्ची नव्हे. कुबड्या किंवा कॅलिपर वापरणाऱ्या काही मुलांना तीव्र उतारापेक्षा बुटक्या, रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा अधिक सोयीचा वाटतो. पण रकाना रॅम्पचा असल्यामुळे पायऱ्यांचा कठडा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रपत्राची बाजूही समजून घेऊ. देशभरातल्या लाखो शाळांची माहिती मोजायची, तर प्रश्न सोपेच ठेवावे लागतात. शिवाय रकाना नसता, तर कित्येक शाळांना रॅम्प सुचलाही नसता. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शब्द आहेत ‘अडथळामुक्त प्रवेश’. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही इमारत, आवार आणि सुविधा मुलांना वापरता याव्यात, असे म्हटले आहे. कायदा वापराविषयी बोलतो. प्रपत्रात त्याची वस्तू झाली. आक्षेप आहे तो इथे.

त्याची किंमत मूल मोजते. पहिलीत आई कडेवर घेऊन वर्गात बसवते. पाचवीत मूल जड होते, आईचीही पाठ धरते. मग मूल तहान लागू नये म्हणून जपते, कारण स्वच्छतागृहापर्यंत जायचे कसे? असे मूल पटावर असते, पण शाळेत नसते. कार्ल्याच्या लेण्यांची सहल निघते तेव्हा सुमारे ३५० पायऱ्यांच्या तळाशी त्याला चपला सांभाळायला बसवायचे, की सहलच इंद्रायणीच्या काठी न्यायची, हा निर्णय मात्र कोणत्याही प्रपत्राचा नाही. तो शिक्षकांचा आहे.

शिक्षक मित्रहो, रकाना बदलेल तेव्हा बदलो. मोजणे आपल्या हाती आहे. गवंडी वापरतो तशी पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहते. त्यावरून जोत्याची उंची काढा. टेपने रॅम्पची लांबी मोजा. लांबीला उंचीने भागा. उत्तर १२ च्या खाली आले, तर किती खाली, ते फळ्यावर लिहा. मग वर्गापासून पाण्यापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंतचा प्रत्येक उंबरठा, दाराची रुंदी, नळाची उंची मोजा. वर्गात अपंगत्व असलेले मूल असेल, तर त्याला नमुना म्हणून खुर्चीत बसवून प्रयोग करू नका. खुर्चीत धान्याचे पोते ठेवा. त्या मुलाच्या हाती वही द्या. कुठे अडते, हे त्याच्याइतके नेमके कोणाला ठाऊक?

ही वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. ‘रॅम्प नीट नाही’ ही तक्रार टोलवता येते. ‘उतार १:४ आहे, १:१२ हवा, त्यासाठी आणखी ४.८ मीटर जागा लागेल’ हे वाक्य टोलवणे अवघड जाते.